चिया : चमचाभर बीज आणि ओंजळभर अपेक्षा

आपल्या समाजात अन्नाविषयी जेवढी आस्था आहे, तेवढेच नव्या अन्नाविषयी कुतूहलही आहे. कधी गव्हांकुराचा रस, कधी ऑलिव्ह तेल, कधी ओट्स असे एकेक पदार्थ आरोग्याचे दूत म्हणून घराघरांत येतात. काही टिकतात, काही फडताळाच्या मागच्या रांगेत जाऊन बसतात. गेल्या दहा-बारा वर्षांत हा मान ‘चिया’ नावाच्या इवल्याशा बीजाला मिळाला आहे. सियागंजच्या किराणा पेठेपासून औषधांच्या दुकानांपर्यंत ते सर्वत्र मिळते आणि वजन, रक्तदाब, मधुमेह, बद्धकोष्ठता, केसगळती अशा अनेक तक्रारींवर त्याची शिफारस होते. मोठ्यांपुरते हे चालले असते तर बालरोगतज्ज्ञाने त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु आता बाळाच्या खिमटीत, शाळेच्या डब्यात आणि दुधाच्या पेल्यातही चिया येऊ लागले आहे, आणि ‘मुलाला चिया देते, मग लोहाचे औषध कशाला?’ असा प्रश्न पालक विचारू लागले आहेत. म्हणून या बीजाची खरी योग्यता किती व मर्यादा कोणत्या, याचा शांतपणे विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कुल आणि कूळकथा

चियाचे शास्त्रीय नाव साल्व्हिया हिस्पानिका. आपली तुळस, पुदिना व सब्जा ज्या कुलातले, त्याच कुलातली ही वनस्पती. ‘हिस्पानिका’ म्हणजे स्पेनची. हे नाव लिनियसने १७५३ साली दिले, पण वनस्पती मुळात स्पेनची नाही. ती मेक्सिको व ग्वाटेमालाची. तेथील नाहुआत्ल भाषेतील ‘चियान’ या शब्दावरून चिया हे नाव आले. अ‍ॅझटेक राज्यात मका व घेवड्याच्या बरोबरीने चियाला स्थान होते. सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तयार झालेल्या मेंदोसा पोथीत, निरनिराळ्या प्रांतांनी राजधानीला द्यावयाच्या करभारात चियाची नोंद आहे. १५२१ मध्ये स्पॅनिश सेनेने राजधानी तेनोच्तित्लान जिंकली. त्यानंतर हे पीक हळूहळू मागे पडले आणि दुर्गम खेड्यांपुरते उरले. पाण्यात भिजवलेले चिया, लिंबू व साखर यांचे सरबत मात्र मेक्सिकोत आजही आवडीने प्यायले जाते. १९९० च्या दशकात अर्जेंटिना व अमेरिकेतील कृषिसंशोधकांनी या पिकाकडे पुन्हा लक्ष वेधले. २००९ मध्ये युरोपीय संघाने पावात मर्यादित प्रमाणात चिया घालण्यास परवानगी दिली आणि त्याचा जगभर प्रसार झाला.

भारतात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने कर्नाटकातील शेतकऱ्यांपर्यंत हे पीक नेले. दिवस लहान होऊ लागले की फुलणारे हे झाड असल्याने ते आपल्या रब्बी हंगामाला मानवते. आज आपल्या माळव्यात, नीमच-मंदसौरच्या परिसरातही ते पिकते व नीमचच्या मंडीत त्याचा व्यापार चालतो. तेव्हा ‘परदेशी म्हणून नको’ हा आक्षेप येथे लागू पडत नाही. आपल्या उपवासाच्या ताटातील शेंगदाणा, बटाटा, राजगिरा, मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा बनतो तो कंद, ही सर्व मंडळी त्याच अमेरिका खंडातून आलेली आहेत. पदार्थ कोठून आला यापेक्षा तो आपल्या शरीरात काय करतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

बीजात काय आहे?

१०० ग्रॅम चियात साधारणपणे ४८६ किलोकॅलरी ऊर्जा, १६.५ ग्रॅम प्रथिने, ३१ ग्रॅम मेद, ३४ ग्रॅम तंतू, ६३० मिलिग्रॅम कॅल्शियम व ७.७ मिलिग्रॅम लोह असते. मेदापैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे १८ ग्रॅम, अल्फा-लिनोलेनिक आम्ल हे ओमेगा-३ गटातील मेदाम्ल असते. हे आकडे निःसंशय चांगले आहेत. परंतु जाहिरातीचा सारा खेळ ‘१०० ग्रॅम’ या शब्दांत दडलेला असतो.

‘चियात दुधाच्या पाचपट कॅल्शियम’ हे विधान आपण अनेकदा वाचतो. वजनास वजन लावून पाहिले तर ते खरे आहे. १०० मिलिलिटर दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पण १०० ग्रॅम चिया एका दिवसात कोणी खात नाही. मोठा चमचाभर चिया म्हणजे सुमारे १२ ग्रॅम. त्यातून ७५ मिलिग्रॅम कॅल्शियम, ०.९ मिलिग्रॅम लोह, २ ग्रॅम प्रथिने, ४ ग्रॅम तंतू आणि २ ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल मिळते. उलट १५० मिलिलिटरच्या कपभर दुधातून १८० मिलिग्रॅम कॅल्शियम सहज मिळते. म्हणजे पाचपट कॅल्शियम असलेला पदार्थ प्रत्यक्ष ताटात दुधाच्या निम्म्याहूनही कमी कॅल्शियम देतो. कोणत्याही नव्या अन्नाची परीक्षा करताना ‘शंभर ग्रॅममध्ये किती?’ याऐवजी ‘माझ्या वाढपात किती?’ असे विचारण्याची सवय लावून घेतली, तर निम्मा संभ्रम दूर होईल.

या हिशेबातून चियाची खरी बलस्थाने दोनच दिसतात : तंतू आणि अल्फा-लिनोलेनिक आम्ल. लोह, कॅल्शियम व प्रथिने ही त्याची पूरक देणगी आहे, मुख्य नव्हे.

तंतूंचे कार्य

चिया पाण्यात टाकले की त्याच्या सालीतील विद्राव्य तंतू बाहेर पसरून प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत आवरण तयार होते. बी आपल्या वजनाच्या दहा-बारा पट पाणी धरते. हा लगदा जठरातून सावकाश पुढे सरकतो, म्हणून पोट भरल्याची जाणीव टिकते व जेवणानंतर रक्तशर्करा एकदम उसळत नाही. मोठ्या आतड्यात तंतूंमुळे मल मऊ व भरीव होतो. इसबगोलाचे कार्य ज्यांस ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही. पण इसबगोलाचा नियम येथेही लागू होतो : पाणी पुरेसे नसेल तर हेच तंतू बद्धकोष्ठता वाढवतात.

मेदाम्लांचे कार्य

ओमेगा-३ हा शब्द ऐकला की पालकांच्या मनात मेंदूची वाढ येते. येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. मेंदू व दृष्टिपटल यांच्या घडणीत ज्या ओमेगा-३ मेदाम्लाचे महत्त्व आहे, ते डीएचए. ते मासे व मातेचे दूध यांतून थेट मिळते. चिया, जवस, अक्रोड यांतील अल्फा-लिनोलेनिक आम्ल हे त्याचे पूर्वरूप होय. शरीर त्याचे रूपांतर करू शकते. परंतु त्यातील अल्प अंशच ईपीएपर्यंत आणि फारच थोडा डीएचएपर्यंत पोहोचतो. म्हणून शाकाहारी कुटुंबासाठी ही बीजे उपयुक्त आहेत हे खरे असले, तरी ‘चिया खाल्ल्याने मूल हुशार होते’ या समजुतीला आधार नाही. तसेच दळलेल्या बियांतील मेदाम्ल अखंड बियांपेक्षा चांगले शोषले जाते.

प्रयोग काय सांगतात?

टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २० मधुमेही रुग्णांना १२ आठवडे दररोज सुमारे ३७ ग्रॅम चिया दिले. त्यांचा वरचा रक्तदाब सुमारे ६ मिलिमीटरने उतरला. त्याच गटाच्या २०१७ मधील अभ्यासात ७७ स्थूल मधुमेही व्यक्तींना सहा महिने कमी उष्मांकाच्या आहाराबरोबर चिया देण्यात आले. चिया घेणाऱ्यांचे वजन सरासरी १.९ किलो, तर इतरांचे ०.३ किलो उतरले. याउलट नॉर्थ कॅरोलायनातील अ‍ॅपलाचियन स्टेट विद्यापीठाच्या २००९ मधील अभ्यासात, स्थूल प्रौढांना १२ आठवडे दररोज ५० ग्रॅम चिया देऊनही वजनात वा हृदयरोगाच्या धोक्याच्या घटकांत फरक पडला नाही.

या तिन्हींचा एकत्र विचार केल्यास तीन गोष्टी दिसतात. लाभ आढळला तरी तो माफक आहे. प्रयोगातील मात्रा रोजच्या एका चमच्याच्या तिप्पट-चौपट आहे. आणि सारे सहभागी प्रौढ आहेत. सहा महिन्यांत दीड किलोच्या फरकाला ‘वजन झपाट्याने घटवणारे बीज’ म्हणता येणार नाही. आणि प्रौढांवरील निष्कर्ष बालकांना जसेच्या तसे लावणे, हे तर आपल्या शास्त्राच्या पहिल्या धड्यालाच सोडून आहे. बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे.

बालकांच्या संदर्भात

आता मूळ मुद्द्याकडे वळू. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ६ ते ५९ महिने वयाच्या भारतीय बालकांपैकी ६७ टक्के, तर मध्य प्रदेशातील जवळपास ७३ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. सहा ते तेवीस महिने वयाच्या भारतीय बालकांपैकी जेमतेम ११ टक्के बालकांना किमान पुरेसा आहार मिळत होता. हे आकडे केवळ झोपडपट्टीचे नाहीत. सुस्थितीतील, सुशिक्षित घरांतही फिकट, चिडचिडी, दूध पिऊन पोट भरणारी बालके आपण सारेच पाहतो.

अशा बालकाला चिया लोह देईल काय? एक ते तीन वर्षे वयाच्या बालकाची लोहाची दैनंदिन शिफारस ८ मिलिग्रॅम, चार ते सहा वर्षांसाठी ११ मिलिग्रॅम आहे. लहान चमचाभर, म्हणजे ४ ग्रॅम चियातून मिळते ०.३ मिलिग्रॅम. तेही वनस्पतिज लोह. त्यातच बियांतील फायटिक आम्ल त्याच्या शोषणास अडथळा करते. ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात ६ ते ५९ महिन्यांच्या बालकांना आठवड्यातून दोनदा देण्यात येणाऱ्या एक मिलिलिटर औषधात २० मिलिग्रॅम लोह असते. एका मात्रेची बरोबरी करावयाची तर पाव किलोहून अधिक चिया लागेल! तेव्हा लोहाचे औषध बंद करून चिया देणे म्हणजे बालकाचा रक्तक्षय आणखी काही महिने लांबवणे होय. आणि पहिल्या दोन वर्षांतील महिने मेंदूच्या दृष्टीने परत मिळत नाहीत.

दुसरा प्रश्न पोटाच्या आकारमानाचा. बालकाच्या जठराची क्षमता किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर धरतात. आठ किलोच्या बाळाला एका वेळी सुमारे २४० मिलिलिटर अन्न मावते. मोठा चमचाभर चिया फुगून त्यातील निम्मी जागा व्यापतो आणि देतो अवघ्या ५८ किलोकॅलरी. तेवढ्याच जागेत साजूक तूप घातलेला घट्ट वरण-भात त्याच्या दुप्पट ऊर्जा देऊ शकतो. प्रौढाला जो गुण वाटतो, की पोट लवकर भरते व भूक मंदावते, तोच गुण वाढत्या बाळासाठी दोष ठरतो. ज्याचे वजन वाढत नाही त्या बाळाला भूक मारणारा पदार्थ देऊन कसे चालेल?

तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा. २०१४ मध्ये अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेत नॉर्थ कॅरोलायनातील ३९ वर्षांच्या एका पुरुषाची हकीकत मांडण्यात आली. त्याने मोठा चमचाभर कोरडे चिया तोंडात टाकून वर पाणी प्यायले. बिया अन्ननलिकेतच फुगल्या व मार्ग बंद झाला. दुर्बिणीच्या साहाय्याने तो लगदा जठरात ढकलावा लागला. त्यास पूर्वी गिळण्याचा त्रास होत असे, हे खरे. परंतु प्रौढ माणसाच्या अन्ननलिकेत जे घडू शकते, ते दोन वर्षांच्या बालकाच्या अरुंद अन्ननलिकेत वा श्वासमार्गात घडल्यास काय होईल, हे वैद्यकीय वाचकांस सांगणे नको.

म्हणून पुढील नियम सुचवावेसे वाटतात :

१. एक वर्षाच्या आत चिया देण्याची गरज नाही. सहा महिन्यांपर्यंत केवळ मातेचे दूध. त्यानंतर त्यासोबत घट्ट, तूप वा तेल घातलेले घरचे अन्न.

२. एक ते पाच वर्षांत द्यावयाचेच असेल तर किमान अर्धा तास भिजवून पूर्ण फुगलेले, अथवा दळून खीर, पोळी वा धिरड्यात. दिवसाला लहान चमचा पुरे. वजन कमी असलेल्या बालकास तेही नको.

३. कोरड्या बिया कोणत्याही वयात चमच्याने तोंडात टाकू नयेत. डबा मुलांच्या हातास लागणार नाही असा ठेवावा.

४. चियाबरोबर दिवसभर पुरेसे पाणी हवे. बद्धकोष्ठतेच्या मुलास आधी पाणी, फळे, भाज्या व शौचाची ठरावीक वेळ, चिया त्यानंतर.

५. लोहाचे औषध चिया घातलेल्या दुधाबरोबर देऊ नये. दूध, चहा व फायटिक आम्ल हे तिन्ही लोहाचे शोषण घटवतात.

६. प्रथम देताना थोडेसे देऊन पाहावे. तीळ वा मोहरीची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी विशेष जपावे. चियाची अ‍ॅलर्जी क्वचित असली तरी नोंदलेली आहे.

मोठ्यांपैकी ज्यांना गिळण्याचा त्रास आहे अथवा ज्यांची आतडी अरुंद झालेली आहेत, त्यांनी चिया टाळावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. थायरॉईडची गोळी व चिया यांत काही तासांचे अंतर ठेवावे. मधुमेह वा रक्तदाबाची औषधे चियाच्या भरवशावर कमी करू नयेत.

आपल्या घरची बीजे

चियाचे गुण ऐकताना आपल्या आजीच्या फडताळातील बरण्या आठवल्याशिवाय राहत नाहीत. जवसात अल्फा-लिनोलेनिक आम्ल १०० ग्रॅममागे सुमारे २३ ग्रॅम, म्हणजे चियाहूनही अधिक, आणि तंतू २७ ग्रॅम. शिवाय ते चियापेक्षा स्वस्त. जवसाचे साल कठीण असल्याने ते मात्र भाजून कुटूनच खावे. आपल्या पूर्वजांनी जवसाची चटणी केली, हा योगायोग नसून अनुभवाचे फळ आहे. न सोललेल्या तिळात चियाहून अधिक कॅल्शियम असते. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असून ती चमच्याने नव्हे, वाटीने खाल्ली जाते.

अळीव तर चियाप्रमाणेच पाण्यात फुगणारे. ओले खोबरे व गूळ घालून केलेले अळिवाचे लाडू बाळंतिणीला देण्याची रीत माळव्यातील मराठी घरांनी आजवर जपली आहे. जुन्या आहारतक्त्यांत अळिवातील लोह १०० ग्रॅममागे १०० मिलिग्रॅम दाखवले आहे. नंतरच्या विश्लेषणांत ते बरेच कमी आढळले. तरीही लोह, प्रथिने व ऊर्जा यांचा एकत्रित विचार करता हा लाडू उत्तम आहारच आहे. त्यावर थोड्या वेळाने लिंबाचे सरबत वा आवळा घेतल्यास ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढते. मात्र बाळंतिणीस दिलेल्या लोहाच्या गोळ्यांची जागा लाडूही घेऊ शकत नाही, हे विसरू नये. जो नियम चियाला, तोच अळिवाला. आपले म्हणून त्यास सूट नाही.

सब्जा व चिया यांची गल्लत नेहमी होते. सब्जाचे दाणे एकसारखे काळे असून पाण्यात काही मिनिटांतच फुगतात व प्रत्येक दाण्याभोवती स्वच्छ पारदर्शक वलय दिसते. चियाचे दाणे करड्या, पांढऱ्या व काळ्या ठिपक्यांचे, गुळगुळीत, अंडाकृती असतात आणि सावकाश फुगतात. हिंदीत तुकमरिया म्हणून मिळतो तो सब्जा. फालुद्यात शोभतो तोही सब्जाच!

रोजच्या वापरात

प्रौढ व्यक्तीने एक मोठा चमचा चिया ग्लासभर पाण्यात अर्धा तास भिजवून लिंबू व चिमूटभर मीठ घालून घ्यावे. उन्हाळ्यात हे पेय सुखद वाटते. दह्यात वा ताकात भिजवता येते. थालीपीठ, पोळी वा धिरड्याच्या पिठात दळून मिसळता येते. सुक्या चटणीत जवसाबरोबर निम्मे चिया चालते. दळलेले बीज लवकर खवट होते, म्हणून आठवड्यापुरतेच दळून हवाबंद बरणीत, शीतकपाटात ठेवावे. खवट वास आलेले बीज खुशाल टाकून द्यावे. गोड सरबते, चॉकलेट वा साखरेच्या बिस्किटांवर चार दाणे पेरून ती आरोग्यदायी होत नाहीत, हे मुलांनाही समजावून सांगावे.

समारोप

चिया हे चांगले अन्न आहे. ते औषध नाही आणि चमत्कारही नाही. ज्यांना परवडते, आवडते व पचते त्यांनी ते आनंदाने खावे. ज्यांना परवडत नाही त्यांनी मनास लावून घेऊ नये. जवस, तीळ, अळीव व नाचणी यांच्या बळावर तोच पल्ला गाठता येतो. आपल्या व्यवसायबंधूंना एवढीच विनंती की, पालकांनी चियाचा विषय काढला की तो हसण्यावारी नेऊ नये. जी आई बीजाविषयी विचारते, ती मुलाच्या आहाराविषयी विचार करीत असते. त्याच वेळी बाळ दिवसभरात काय व किती खाते, दूध किती पिते, लोहाचे औषध चालू आहे काय आणि हिमोग्लोबिन शेवटचे कधी तपासले, हे चार प्रश्न विचारून घ्यावेत. चमचाभर बीजाच्या निमित्ताने एका फिकट बालकाचे रक्त वेळेवर तपासले गेले, तर या परदेशी पाहुण्याचे आपल्याकडे येणे सार्थकी लागले असे म्हणता येईल.